जिनं चाटलं, तिचं पिल्लू

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक नेपियर टाउनमध्ये कोचिंग क्लास चालवतात. भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "ताई, तुमच्या उंदरांच्या गमती लिहा, हलकंफुलकं द्या." मी हो म्हटलं. हो म्हणायची मला सवय आहे. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की उंदरांचं खरं लिहायचं तर माझ्या जावेचंही लिहावं लागेल, आणि ते हलकंफुलकं होणार नाही. गमती देते आहे. बाकीचंही देते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी पाहावं.

जबलपुरातल्या एका संशोधन केंद्राच्या प्राणीघरात मी टेक्निशियन आहे. केंद्राचे शिपाई, कँटीनवाले, रिक्षावाले सगळे मला 'चूहेवाली दीदी' म्हणतात. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. त्यांचे पिंजरे, त्यांचा भुसा, पाणी, खाणं, त्यांची लग्नं आणि बाळंतपणं, सगळं आमच्याकडे. लोकांना वाटतं, उंदरांना सुया टोचणं एवढंच आमचं काम. खरं काम म्हणजे त्यांना त्रास होऊ न देणं. घाबरलेल्या उंदरावर केलेला प्रयोग फुकट जातो.

आणि आमचा सगळा धंदा वासावर चालतो. उंदराला नीट दिसत नाही, त्याचं जग नाकात असतं. म्हणून आम्हाला अत्तर नाही, पावडर नाही, गजरा नाही. रीव्याहून एक मुलगा पीएच.डी.साठी आला होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं चमेलीचं तेल चोपडून नवजात पिल्लं हाताळली. मादीनं त्यांना हुंगलं आणि एकेक करून घरट्याबाहेर नेऊन टाकलं. मुलगा रडकुंडीला आला. म्हणाला, "दीदी, तेल तो मेरी माँ ने भेजा था." मी त्याला शिकवलं की पिल्लाला हात लावायचा तर आधी त्याच पिंजऱ्यातला भुसा हाताला चोळायचा. आणि एका मादीचं पिल्लू दुसरीच्या पिंजऱ्यात वाढवायचं असेल, तर नवीन मादीला बाजूला काढायचं, तिच्या घरट्यातल्या भुशात पिल्लू अलगद लोळवायचं, तिच्या पिल्लांच्या घोळक्यात ठेवायचं आणि मग तिला परत सोडायचं. ती येते, हुंगते, आपलंच म्हणते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं. मला आता वाटत नाही.

ही पिल्लांची अदलाबदल कशासाठी, ते सांगते. आमच्या मॅडमांचा विषय आहे आईबापांच्या अनुभवांचा मुलांवर होणारा परिणाम. एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला. मला त्यांनी समजावलं ते मी स्वयंपाकघराच्या भाषेत लक्षात ठेवलं आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक फडताळ आहे असं समजा. त्यातले डबे आईबापांकडून आलेले. डब्यांतला माल जन्मभर तोच राहतो. पण कोणत्या डब्याचं झाकण घट्ट बसणार आणि कोणतं सैल राहणार, हे अनुभवानं ठरतं. पोटात असताना उपासमार झाली, आई सतत धास्तीत राहिली, जन्मल्यावर कुणी जवळ घेतलं किंवा नाही घेतलं, यानं झाकणं बदलतात. बापाचाही वाटा असतो. नर उंदीर फार ताणात राहिला, तर त्याच्या पिल्लांवरही त्याची खूण दिसू शकते. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे रेल्वेच्या ड्यूटीवरून नुकतेच आले होते. म्हणाले, "म्हणजे इटारसी यार्डाचा ताण आपल्या पोरीत उतरला म्हणतेस?" आणि जेवायला बसले.

उंदरांत एक गोष्ट बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेली पिल्लं मोठी होऊन शांत निघतात. ती घाबरत नाहीत असं नाही, पण घाबरली तरी लवकर सावरतात, कारण 'पुरे आता' असं सांगणाऱ्या डब्याचं झाकण त्यांच्यात सैल राहिलेलं असतं. कमी चाटलेली पिल्लं जराशा आवाजानं कोपरा धरतात. मग प्रश्न येतो की हे जन्मदात्या आईकडून आलं की वाढवणाऱ्या आईकडून. त्यासाठी अदलाबदल. आणि उत्तर असं, की पिल्लू जिनं चाटलं तिच्यावर जातं.

हे मॅडम मला पहिल्यांदा सांगत होत्या तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या भरत होते. मी विचारलं, "और मॅडम, पैदा करनेवाली का क्या?" त्या हसून म्हणाल्या, "इस हिसाब में तो उसका कुछ नहीं, संध्या." त्यांना माझ्या घरचं काही ठाऊक नव्हतं. मी बाटल्या भरत राहिले. पण त्या दिवसापासून मला या शास्त्राचा राग आहे, आणि आजवर मी तो कुणाला कळू दिला नव्हता.

आता घरचं.

आमचं कुटुंब मूळ भंडाऱ्याकडचं. सासरे इथल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत लागले आणि घमापुरात घर झालं. मोठे दीर, जाऊ मालाताई, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही, सगळे एकत्र. मी कंत्राटावर होते तेव्हा मला दिवस गेले. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि पोटुशी बाई प्राणीघरात चालणार नाही असं म्हणून मला काढतील या धास्तीनं मी ते लपवलं. पोट दिसू नये म्हणून जेवण तोडलं. ओल्या भुशाचे जड पिंजरे उचलत राहिले. साहेबांची पावलं वाजली की छातीत धडधडायचं. श्वेता जन्मली ती दोन किलोच्याही आत. नर्स म्हणाली, "इतनी सी?" मी तोंड फिरवलं.

नोकरी कायम झाली. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि मी कामावर जायला लागले. श्वेता मालाताईंजवळ. पहिले दिवस ती दिवसभर रडायची, ताई हैराण. तेव्हा मी शहाणपणा केला. हा शहाणपणा उंदीर सांभाळणाऱ्या बाईलाच सुचेल. मी माझी अंगावरची न धुतलेली साडी ताईंना दिली आणि म्हटलं, "ही खांद्यावर घेऊन तिला मांडीवर घ्या. माझा वास आला की शांत होईल."

ताई म्हणाल्या, "तुह्या साडीले तं उंदराचा वास येते व बाई."

"तिला तोच ओळखीचा आहे."

आणि ते चाललं. पोरगी दुसऱ्याच दिवशी निवांत झोपली. आठवडाभर मी स्वतःवर खूश होते. मग एका रविवारी तिला मी घेतलं तर ती किंचाळली. मी ती साडी ताईंकडून मागून घेतली, अंगावर ओढली, तिला जवळ धरलं. तिनं साडीत नाक घातलं, क्षणभर गप्प झाली, वर पाहिलं, माझा चेहरा दिसला आणि पुन्हा भोंगा. साडीला तोवर ताईंचा वास लागला होता. मी माझ्याच हातानं माझं पिल्लू दुसरीच्या भुशात लोळवलं होतं.

मालाताई काही गोडगोड बाई नाही. स्वतःच्या दोन्ही पोरांवर त्या दिवसभर खेकसायच्या. पण श्वेताशी त्यांचा हात वेगळा चालायचा. बोटांची मागची बाजू तिच्या कपाळावरून कानापर्यंत फिरवत बसायच्या, भाजी निवडता निवडता, शेजारणीशी भांडता भांडता, नकळत. मी संध्याकाळी यायची, आधी आंघोळ करायची, कारण घरात सगळे नाक धरायचे, आणि मग पोरीला घ्यायची तोवर ती पेंगुळलेली असायची. इकडच्या रीतीनं ती मला मम्मी म्हणायला लागली आणि त्यांना बडी मम्मी. इथे मोठ्या काकूला सगळेच तसं म्हणतात. मला मात्र तो शब्द रोज टोचायचा.

सायकलवरून पडली, गुडघा फुटला, मी समोर उभी. तिनं माझ्या बाजूनं वाट काढली आणि "बडी मम्मी" करत आत पळाली. ती चौथीत असताना आम्ही नेपियर टाउनमध्ये भाड्यानं जागा घेतली. शाळा जवळ पडते हे कारण सांगितलं. शाळा जवळ पडत होतीच. मालाताईंनी डबे भरून दिले, काही विचारलं नाही. श्वेता प्रत्येक शनिवारी घमापुरात, सोमवारी परत. वाढत गेली तशी शांत, स्थिर मुलगी होत गेली. बोर्डाच्या परीक्षेला मला जुलाब लागले आणि ती पेपर देऊन येऊन मॅगी खात बसली. सगळे म्हणायचे, "संध्या, पोरगी किती समंजस निघाली व तुही." मी हसायची. प्राणीघरात मी रोज बघत होते ते मला कळत होतं. कुणाचं झाकण कुणी सैल केलं ते.

त्या काळात प्राणीघरात खालच्या रांगेत एक मादी होती, कमी चाटणारी. पिल्लं लुचत असायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी तिची फार काळजी घ्यायची. मॅडमांनी ते ओळखलं असावं. एकदा म्हणाल्या, "इसको बुरी माँ मत समझना. बाहर खतरा ज़्यादा हो तो डरपोक बच्चा ही बचता है." म्हणजे तिची पिल्लं बिघडलेली नव्हती, धोक्याच्या जगासाठी तयार केलेली होती. हे ऐकून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी येईपर्यंत टिकलं.

मध्येच एक गंमत सांगते, नाहीतर संपादक रागावतील. घमापुरातले एक मिठाईवाले केंद्राच्या गेटवर आले. सून पोटुशी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथं पोटातल्या बाळावर संशोधन होतं. म्हणाले, "दीदी, चूहियों को कौन सा संगीत सुनाते हो आप लोग? बहू को वही लगा देंगे."

मी म्हटलं, "एग्ज़ॉस्ट फॅन का."

ते गंभीरपणे म्हणाले, "वो तो दुकान में है."

मग मी नीट सांगितलं की उंदीर म्हणजे माणूस नव्हे, इथलं जसंच्या तसं तिकडे लावता येत नाही. सुनेला वेळेवर जेवू द्या, तिला घाबरवू नका, तिला झोप मिळू द्या. ते निराश होऊन गेले. एवढ्यासाठी कशाला आलो असं त्यांच्या तोंडावर होतं. आणि मला वाटलं, एवढंच मला तेव्हा कुणी म्हणायला हवं होतं. नंतर आठवलं की म्हटलं होतं. मालाताई रोज म्हणायच्या, "काहून नाही जेवून राहिली तू?" मी त्यांना पित्त झालंय म्हणायची.

श्वेताचं लग्न झालं, भोपाळला गेली. मागच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मी तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली, कूलर दुरुस्त करून घेतला, रजेचा अर्ज टाकला. मनात पक्कं होतं की निदान हे तरी माझं. इतक्या वर्षांत मला जे मिळालं नाही ते सव्वा महिन्यात भरून काढायचं होतं. तिचा फोन आला.

"मम्मी, मैं सोच रही थी, घमापुर में रुकूँ? बडी मम्मी को मालिश आती है ना. और वहाँ आँगन है, धूप आती है."

मी म्हटलं, "धूप आपल्याकडे पण येते."

"कहाँ येते मम्मी," ती हसली. "तू पण तिथंच ये ना. सब साथ रहेंगे."

मी हो म्हटलं. सांगितलं ना, सवय आहे.

मग तिची शुगर वाढलेली निघाली. ती तपासणीला जबलपूरला आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. घरात कुणाला डायबेटीस? कुणालाच नाही. मग तिचं स्वतःचं जन्माचं वजन विचारलं. श्वेतानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या की कमी वजनाच्या मुलांना पुढे हा त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, कारणं बरीच असतात, घाबरू नका. श्वेता घाबरली नाहीच. मी कारणांपैकी एक होऊन खुर्चीवर बसले होते. बाहेर ऑटोत मी वाटणी करून टाकली. तिच्यात जे चांगलं आहे ते त्यांच्या मांडीवरून आलं, आणि जे वाईट आहे ते माझ्या पोटातून. मॅडम म्हणतात, इतकं सरळ काहीच नसतं, एका माणसात हजार कारणं असतात, आयांना दोष द्यायला हे शास्त्र नाही. मॅडमांचं बरोबर आहे. मी ते इतरांना सांगतेही. पण मत्सराला बरोबर गोष्टींचा उपयोग नसतो.

मला कळलं की मालाताईंनी सराफ्यातून बाळासाठी चांदीचे वाळे आणून ठेवलेत. मी दुसऱ्या दिवशी सराफ्यात गेले आणि पहिल्याच दुकानात म्हटलं, "भैया, बच्चे के कड़े दिखाओ. भारी." त्यानं दाखवले. मी म्हटलं, याहून भारी. त्यानं तेही दाखवले. मी म्हटलं, याहून. तेव्हा तो म्हातारा चश्म्यावरून पाहत म्हणाला, "बहनजी, बच्चा पैर उठाएगा कैसे?" मी रिकाम्या हातानं परत आले.

डिलिव्हरी नीट झाली. मुलगी, पावणेतीन किलो. आम्ही सगळे घमापुरात आलो, मीही, माझ्या लेकीच्या माहेरी पाहुणी म्हणून. श्वेताची शुगर उतरली. बाळाचं सगळं मालाताई करत होत्या आणि मी डाळ शिजवत होते, लंगोट वाळत घालत होते. मी तक्रार केली नाही, पण झोपेतही माझे दात आवळलेले असायचे, सकाळी जबडा दुखायचा.

एका दुपारी अंगणात उन्हात ताईंनी पाय पसरून त्यावर बाळाला घेतलं होतं, मालिश चालली होती. श्वेता शेजारी. मालिश झाल्यावर बाळ तिच्याकडे दिलं आणि तिनं, अजिबात न बघता, मोबाइलवर नवऱ्याशी बोलता बोलता, बोटांची मागची बाजू बाळाच्या कपाळावरून कानापर्यंत नेली. पुन्हा नेली. मी तारेवर कपडे घालत होते. ती तऱ्हा माझी नाही. ती एक पिढी पुढे गेली होती आणि त्यात मी कुठेच नव्हते. मी पिळलेला लंगोट पुन्हा पिळला.

श्वेता बाळाला घेऊन आत झोपायला गेली. मी न राहवून म्हटलं, "ताई, पोरगी तुमचीच झाली. नातही तुमचीच होणार."

मालाताई हाताचं तेल पायाला पुसत होत्या. म्हणाल्या, "माही? कायची माही?"

"सगळं तुमच्यासारखं करते."

"करते तं करते. मी का सांगतलं होतं तिले?" त्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. मग तेलाच्या वाटीकडे पाहत म्हणाल्या, "तुले एक सांगतो. कधी बोलली नाही. दिवसभर मी करावं त्या पोरीचं. खाऊ घालणं, झोपवणं, हागणं-मुतणं. आन संध्याकाळ झाली का हे पोरगी खेळणं टाकून दे आन दाराकडे पाहत बसे. मी हाक मारू, वाटी वाजवू, पाहेच नाही माह्याकडे. गेटाची कडी वाजली का सारं अंग हाले तिचं. तू येऊन सरळ न्हाणीत जाय. तिकडे पाणी पडे आन ही इकडे माह्या मांडीवर त्या दरवाज्याकडे पाहून रडे. तू बाहेर येवोस्तोवर थकून जाय बिचारी. मले असा राग ये तुहा."

"माझा?"

"मंग कोणाचा? दिवसभर मी, आन वाट तुही. जी बाई दिसत नाही तिची वाट. दोन-तीन डाव तं मी मुद्दाम लौकर झोपवलं तिले, तू यायच्या आधी. हो, झोपवलं. आता काय करतं."

या ठिकाणी मला ताईंबद्दल वाईट वाटायला हवं होतं. त्यांचा हात धरावा असंही कुणी म्हणेल. माझ्याकडून ते झालं नाही. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी तारेकडे तोंड केलं. श्वेता मला हुंगायच्या आधीच पेंगुळलेली असायची ती माझ्यासाठी रडून, हे मला आज, ती स्वतः आई झाल्यावर, कळत होतं. ती रडत होती आणि मी आत तिच्यासाठीच अंग घासत होते. श्वेताच्या मेंदूतल्या कोणत्या डब्यात हे वाट पाहणं उतरलं असेल, त्याचं झाकण सैल आहे की घट्ट, मला ठाऊक नाही. मॅडमांनाही नसेल. उंदरीण परत येईपर्यंत पिल्लं काय करतात ते आम्ही कधी पाहिलंच नाही, आम्ही फक्त चाटणं पाहत आलो.

ताई उठून वाटी घेऊन आत निघाल्या. मी म्हटलं, "ताई, बसा ना जरा."

"काहून?"

"ती दाराकडे कशी पाहायची, ते पुन्हा सांगा."

त्यांनी मला नीट निरखलं. काय मागते आहे ते त्यांना कळलं असावं. "बरं, आयक," म्हणाल्या, आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगायला लागल्या.